पोरगं ओळखेना झालं तर

वडवणीजवळच्या एका वस्तीवर मंगल अंगणवाडी चालवते. लहान मुलांच्या पालकांसाठी दरवर्षी मेळावा घ्यायचा असतो. त्याचे विषय वरून येतात: सकस आहार, मोबाइलचे दुष्परिणाम, मुलांशी संवाद. मंगल तेच घ्यायची. त्या वर्षी मात्र तिला वाटलं, आयांनाच विचारून बघावं.

बायका आधी हसल्या. कुणी म्हणाली, पोरं जेवत न्हाईत त्यावर सांगा. बाकीच्यांनी, तुम्हाला बरं वाटेल ते ठेवा म्हणून सोडून दिलं. स्वप्ना तेवढी मागं राहिली. तिचा माऊली नुकता चालायला लागला होता. आदल्या हंगामात उसाच्या फडात थंडीनं त्याची छाती भरली होती. म्हणून यंदा तोडीला जाताना त्याला सासूजवळ, रतनबाईजवळ, ठेवायचं ठरलं होतं.

"बाई, माघारी आल्यावर पोरगं वळखंना झालं तर आईनं काय करावं, ह्यावर कुणी बोलंल का?"

मंगलनं अंबाजोगाईच्या एका बालरोग डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या यायला तयार झाल्या. सुपरवायझर मॅडमनाही विषय पटला, पण सगळ्या गावांचे मेळावे एकाच आठवड्यात घ्यायचं वरून ठरलं आणि तारीख दिवाळीपल्याड गेली. मंगलनं आधीची तारीख मागून पाहिली. ते आपल्या हातात नाही, असं उत्तर मिळालं.

मुकादमाची गाडी दिवाळी होताच आली. माऊली झोपलेला असतानाच स्वप्ना नवऱ्याबरोबर, जीवनबरोबर, निघून गेली. जाताना मंगलला म्हणाली, मेळाव्यात काय सांगतील ते ध्यानात ठेवा.

आईबाप तोडीला गेलेले, त्यामुळं मेळाव्याला सगळी म्हातारी माणसं आली. डॉक्टरीणबाईंनी त्यांनाच सांगितलं: आईचा आवाज रोज ऐकवा, फोनवर चेहरा दाखवा, आई परतली की घाई करू नका. त्यांतल्या तात्याबांनी गुडघ्यावर औषध विचारलं.

मंगल संध्याकाळी रतनबाईच्या घरी जाऊन फोन लावून द्यायची. फडात कधी रेंज नसायची, कधी जीवनचा फोन बंद. लागला की माऊली आधी फोनच्या मागं वाकून आई शोधायचा. पुढं पुढं तो फोन ढकलून खेळायला जाऊ लागला.

गुढीपाडव्याच्या सुमारास स्वप्ना परतली. माऊली रतनबाईच्या पदराआड लपला. स्वप्नानं त्याला ओढलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं अंगणवाडीत येऊन विचारलं, डॉक्टरीण काय म्हणाल्या? जबरदस्ती करू नको, नुसती जवळ बसत जा, काही महिने लागतील, असं मंगलनं सांगितलं.

स्वप्ना तसंच वागली. आषाढात तो तिच्या हातचं खाऊ लागला. गणपतीनंतर तिच्या कुशीत झोपू लागला. दसऱ्याच्या आसपास आई म्हणाला.

मेळावा पुन्हा दिवाळीनंतरच ठरला. यंदा मंगलनं कुणाला काही विचारलं नाही. विषय सकस आहार होता.

गाडी आली तेव्हा माऊली जागा होता. आईच्या गळ्यातले हात सोडेना. रतनबाईनं बोटं एकेक करून सोडवली. स्वप्ना मंगलकडं बघत म्हणाली, "आवंदा वळखायला लागलं, ह्येच वाईट झालं."

मंगलनं रडणारं पोर काखेत घेतलं आणि गाडी वळेपर्यंत त्याचं तोंड भिंतीकडं करून उभी राहिली.