कवटीची हाडं आणि बीपीची गोळी

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. तरी छातीठोक सांगतो, माणसाच्या कवटीची हाडं बोटांनी हलत नाहीत. कोणाला राग येत असेल तर येऊ दे.

नव्वद सालानंतर आमच्या तळवलीच्या आसपास सोसायट्या उठल्या, त्यांत नवे दवाखाने आले. एका दवाखान्यातले साहेब नुसते डोक्याला हात लावून उपचार करायचे. कवटीची हाडं बारीक हलतात, ती अडली की दुखणी होतात, असं त्यांचं म्हणणं. माझ्या बायकोला बीपी, डोकंही दुखायचं. ती जाऊन आली आणि खूश.

"अवो, झोपच लागली."

"झोप घरी पन लागते."

"घरी तुमी बोलत असता."

महिन्याभराने ती जिन्यातच खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी, बीपी चढलेलं. तेव्हा कळलं, गोळी बंद केलीय. कोणी सांगितलं? कोणीच नाही. आमच्याकडे वैद्याचा झाडपाला चालू असला की दुसरं औषध घेत नाहीत. तेच तिने इथे लावलं. गोळी देणाऱ्या डॉक्टरांनी सांगूनही ती ऐकेना. मग तिला घेऊन साहेबांकडेच गेलो.

"काका, मी गोळी बंद करा म्हटलंच नव्हतं."

"मग चालू ठेवा म्हणा. तिच्यासमोर."

"शरीर स्वतःच तोल सांभाळतं, काका..."

"गोळी घ्यायची का नाय?"

त्यांनी बायकोला खाटेवर निजवलं आणि माझा हात तिच्या डोक्यावर ठेवला. "आत लाटेसारखं लागतंय?"

मला केस लागले, तेल लागलं. "काय नाय लागत."

"सराव लागतो."

"भातातला खडा पयल्या घासाला लागतो. त्याला कुठं सराव लागतो?"

बायको पडल्या पडल्या हसली. साहेबांचा चेहरा उतरला. शेवटी म्हणाले, "काकी, गोळी सोडू नका. दोन्ही चालतं."

गोळी सुरू झाली, बीपी उतरलं. बायको म्हणे, हातानेच उतरलं.

"मग जिन्यात का बसलीस? तवा हात चालूच होता, गोळी नव्हती."

"च्या ठेवू का?" ती म्हणाली.

पुढेही ती जायची. मीच सोडायला जायचो. कोणी मायेने हात ठेवला की बरं वाटतं, हे मी कधी नाकारलं नाही. पण आराम वेगळा, औषध वेगळं. रोज सकाळी ती गोळी गिळेपर्यंत मी समोर उभा राहायचो. वर म्हणायचो, "जीभ उचल, बघू दे."