चारचौघांत ओरडणं

नोव्हाय या अमेरिकन गावातल्या आमच्या घरात एक वाक्य उठता-बसता ऐकू येतं: "आई, डोन्ट फ्रीक आऊट." म्हणणारी माझी शाळकरी लेक, ऐकणारी मी. सुरुवातीला वाटायचं, 'काळजी करू नकोस' एवढंच ती सांगतेय. पण तसं नव्हतं. काळजी मी खुशाल करावी, फक्त मनातल्या मनात. ती तोंडावाटे बाहेर पडली, आवाज चढला, लोकांनी माना वळवल्या, की मी फ्रीक आऊट झाले. विमानतळावर बॅग हरवली तेव्हा झाले, बर्फात गाडी घसरली तेव्हाही झाले. नागपूरला आम्ही हाक मारायचो तीच मुळी गल्लीच्या टोकापर्यंत. लेकीला माझ्या आवाजाची लाज वाटते आणि मला तिच्या त्या लाजेचा राग येतो.

गेल्या उन्हाळ्यात ती इंडियन स्टोअरबाहेर गाडीत फोन बघत बसली होती. मी सामान घेऊन बाहेर आले तर एक आडदांड माणूस तिच्या बाजूचं दार उघडून तिला दंडाला धरून खेचत होता. सीटबेल्टमुळे ती अर्धी आत, अर्धी बाहेर. समोरच्या रांगेत लोक डिकीत पिशव्या ठेवत होते. कुणाला पत्ताही नव्हता, कारण पोरगी हूं की चूं करत नव्हती.

मी किंचाळले. हातातली पिशवी गरगर फिरवून त्याच्या तोंडावर हाणली. आत नारळ होते. त्याचं नाक फुटलं. त्याने मला ढकललं, माझं डोकं डांबरावर आपटलं, तशीच सरपटत जाऊन मी त्याच्या पोटरीला कडकडून चावले. तोंडात रक्त आलं, त्याचं की माझं कोण जाणे. खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचा जीव घ्यायचा होता. माझा आरडाओरडा ऐकून दुकानवाले काका धावत आले आणि तो लंगडत पळाला.

पोलीस येईपर्यंत मी लेकीला कुशीत घेऊन फुटपाथवर बसले. तिच्या दंडावर त्याची बोटं उमटली होती.

"अगं, मी दारातच होते. एक हाक का नाही मारलीस?"

"देअर वेअर पीपल, आई," ती पुटपुटली. "आय डिडन्ट वॉन्ट टू फ्रीक आऊट."

मी तिला गदागदा हलवलं. "ओरड," म्हटलं, "आत्ताच्या आत्ता ओरड!"

तिने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.