लाल गिटारीच्या चार बहिणी

नागपूरच्या लकडगंजात सुतारांना काय तोटा! पण कवडू मिस्त्रीच्या कारखान्यासमोर लोक थांबत, आत डोकावत आणि हळूच विचारत, "ती लाल गिटार तुम्हीच केली ना?" कवडू मान हलवायचा आणि रंधा जरा जोरात चालवू लागायचा. लोकांना वाटे, केवढा हा विनय! विनय नव्हता तो. त्यात एक गुपित होतं, आणि ते कवडू आणि त्याची बायको तुळसाबाई या दोघांनाच ठाऊक होतं.

गोष्ट त्रेसष्ट सालची. कवडू तेव्हा तान्ह्या पोळ्याचे बैल करायचा. चाकांवर उभे, शिंगं रंगवलेले, लेकरांनी दोरीनं ओढत मिरवायचे लाकडी बैल. एक दिवस इंदोऱ्याचा मधुसूदन आला. गिरणीतला कामगार, गळा गोड, आणि नुकतीच काढलेली गायन पार्टी. बाबासाहेबांची गाणी गावोगावी म्हणायची, पेटी-ढोलकीच्या जोडीला विजेवरची गिटार वाजवायची, असं त्याच्या मनानं घेतलेलं. रद्दीतल्या विलायती मासिकाचं एक पान त्यानं कवडूपुढं पसरलं.

"अशी पायजे, मिस्त्री."

"बाजूनं किती जाड असते गा?"

"मले का मालूम? चित्रात समोरूनच दिसते. पन एक पक्कं हाये, आतून ठोस राहते. पोकळ नाही."

तारांचा कंप विजेत उतरवणारा पिकअप मधुसूदननं कलकत्त्याहून मागवला होता. बाकी सगळं कवडूनं केलं. शिवणीचं लाकूड घेतलं, चित्रावरून आकार कापला, आणि मग हातानं जे करायला नको तेच केलं. बैल करताना कवडू त्याचं पोट खालून कोरून काढायचा. दोन कारणं होती. लेकराला ओढायला हलका जावा, आणि उन्हात लाकूड तडकू नये. बारा वर्षं कोरणारा हात! गिटारीची पाठ समोर येताच पटाशी आपोआप आत गेली. ध्यानात आलं तेव्हा पोट अर्धं रिकामं झालं होतं. कवडूनं बाकीचंही कोरलं, पातळ फळी बसवली, सांधा बुजवला आणि वरून बैलाच्या झुलीचा लाल रंग चोपडला.

आणि गिटार काय बोलली म्हणता! भर मैदानात शेवटच्या माणसाच्या छातीला जाऊन भिडावा असा भरदार, ऊबदार आवाज. त्यानंतर पंचवीस वर्षं मधुसूदन प्रत्येक कार्यक्रमात गिटार उंच धरून सांगायचा, "अस्सल ठोस लाकूड! आपल्या नागपूरच्या मिस्त्रीच्या हातचं!" टाळ्या पडायच्या. कवडू समोर बसलेला असेल तर चपला शोधायच्या निमित्तानं वाकायचा.

अठ्ठ्याऐंशी साली पार्टीचा रौप्यमहोत्सव ठरला. मधुसूदनच्या चार शिष्यांनी एव्हाना आपापल्या पार्ट्या काढल्या होत्या, कुही, उमरेड, कामठी आणि भंडाऱ्याला. त्या चौघांना मंचावर त्या लाल गिटारीसारखीच एकेक गिटार द्यायची, असं मधुसूदननं ठरवलं. चारच. पाचवी कोणी मागितली तरी नाही.

कवडूला वाटलं, देवानं चूक दुरुस्त करायची संधी धाडली. जुन्या शिवणीचा वाळलेला ओंडका त्यानं कधीचा जपून ठेवला होता. त्यातून त्यानं चार गिटारी काढल्या. ठोस! पटाशीला आत डोकावूसुद्धा दिलं नाही. रंग तोच, आकार तोच, पिकअपही तसेच. महोत्सवाला दहा दिवस असताना मधुसूदन जुनी लाल गिटार खांद्याला अडकवून आला, अंगणातल्या बाजेवर बसला, ॲम्प्लिफायरला वायर जोडली आणि पहिली गिटार वाजवली. मग दुसरी. मग तिसरी. चौथी त्यानं हातातसुद्धा घेतली नाही.

"चांगल्या झाल्या," तो म्हणाला.

"पन?"

"पन काही नाही गा. आवाज कोरडा लागून राह्यला. मीच म्हातारा झालो. बोटं गेली, कान गेले. हा महोत्सव झाला का मी गिटार खाली ठेवतो."

लाकूड बोललं नाही याचा दोष हा माणूस स्वतःच्या बोटांवर घेत होता! कवडू उगाच तिसऱ्या गिटारीची पाठ फडक्यानं पुसू लागला. तिकडे सुपात तांदूळ पाखडणाऱ्या तुळसाबाईचा हात थांबला.

"अवो, बोला न आता! तोंडात का मूग धरले?"

"तू गप बस वं."

"पंचवीस वर्सं गपच होती. भाऊजी, ह्यायले काही सांगाचं हाये."

मग कवडूनं सांगितलं. बैलाच्या पोटापासून पातळ फळीपर्यंत सगळं. नजर जमिनीवर, आवाज शाळेत छडी खाल्लेल्या पोरासारखा. मधुसूदननं जुनी लाल गिटार उचलली, उलटी केली आणि पाठीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. आतून उत्तर आलं, पोकळ, गोल.

"म्हंजे पंचवीस वर्सं मी ठोस ठोस बोंबलून राह्यलो, अन् हातात बैल होता?"

"हाव."

"अन् तू समोर बसून आयकत होता?"

"काय सांगू गा! पयल्या दिवशी सांगाचं राह्यलं. मंग रोजच कठीण होत गेलं."

मधुसूदन उठला. वायर गुंडाळली. तो आता निघून जाणार आणि परत या अंगणात पाऊल टाकणार नाही, असं कवडूला वाटलं. पण फाटकापाशी पाठमोराच तो थांबला. आधी त्याचे खांदे हलले, मग सगळा माणूसच हसू लागला, असा की तुळसाबाईला त्याच्यासाठी पाणी आणावं लागलं.

"बोटं नाही गेली मंग माही!" पाणी पिऊन तो म्हणाला. "मिस्त्री, पटाशी घे. कोर चारही."

नऊ दिवस कवडू दुसऱ्या कामाला शिवला नाही. पाठीवरचा रंग खरवडायचा, कोरायचं, बोटांनी भिंतीची जाडी चाचपायची, फळी बसवायची. पहिली तयार झाली तशी मधुसूदननं ती बाजेवरच वाजवली. एक गाणं संपलं, दुसरं धरलं, तिसरं धरलं. तुळसाबाई दारातून म्हणाली, "आता माह्या पोटात लागते तो आवाज," आणि आत गेली.

महोत्सवाच्या संध्याकाळी इंदोऱ्याच्या मैदानात मुंगीला जागा नव्हती. चार शिष्य, चार लाल गिटारी, मध्ये मधुसूदन. त्यानं माईक घेतला आणि लोक ठरलेल्या वाक्याची वाट पाहू लागले. पण त्यानं ते वाक्य म्हटलंच नाही. कवडूला हाताला धरून वर ओढलं आणि माईक त्याच्या तोंडापुढं धरला. "गिटारीविषयी आज मिस्त्रीच सांगतील."

जन्मात कवडू मंचावर चढला नव्हता. समोर माणसांचा समुद्र. तो चौघा पोरांकडे वळला आणि म्हणाला,

"ह्या आतून कोरल्या हायेत. ती पयलीबी कोरलेलीच होती. उनात ठेवू नका, फळी निघन."

एवढं बोलून तो उतरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाला, ते निम्म्यांना कळलंही नसेल. मधुसूदनला मात्र असं हसू फुटलं की पहिल्या गाण्याची सुरुवात त्याची चुकली. चौघं शिष्य थांबले, गुरूकडे पाहत. त्यानं डोळे पुसले, बोटं तारांवर नीट ठेवली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं.