सोमवार आत्याबाईंचा

लेकी बाळंतपणाला माहेरी येतात. मी सातव्या महिन्यात माहेरून निघाले. देवणीच्या आमच्या दारात बैलगाडी जुंपली होती. डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन माय उभी होती आणि तो डबा न्यायची मला मनाई होती. "लेकीचं बाळंतपण मला झेपत न्हाई का?" एवढंच ती म्हणाली. मला तोंड वर करवेना. माझं पहिलं मूल याच घरात मेलेलं जन्मलं होतं. या खेपेला नांदेडला तपासलं तर मधुमेह निघाला. माहेरी येऊन पथ्य केलं, पण तहान काही कमी होईना. शेवटी नांदेडच्या डॉक्टरीणबाईंचं पत्र आलं: रोज इन्सुलिनची सुई लागेल, जवळ येऊन राहा.

उदगीरहून आगगाडी धरली. नांदेडला आमचे हे कचेरीत कारकून होते आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, घर सांभाळत. त्यांनी साखरेचा डबा कपाटात घालून किल्ली कमरेला खोचली. औषधाची बाटली माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवायची, काचेची पिचकारी उकळायची. साखर पाहायला रोज निळ्या औषधात लघवीचे थेंब घालून नळी तापवायची. निळी राहिली की मला जेवण गोड लागायचं, विटकरी झाली, म्हणजे साखर वाढलेली, की घास उतरत नसे. सुईचं औषध पोटातल्या जिवाला तर बाधणार नाही, ही भीती होतीच. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की बाळाला औषध बाधत नाही, तुमच्या रक्तातली साखर बाधते.

तरी मी शहाणपणा केलाच. सुईच्या जोडीला देवाचंही बळ असावं म्हणून कुणाला न सांगता सोमवार धरला. सकाळी सुई घेतली आणि नैवेद्याच्या नावाखाली ताट तसंच झाकून ठेवलं. दुपारी दरदरून घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधार आला. आत्याबाईंनी किल्ली काढली, साखरेचं पाणी केलं आणि मला घोट घोट पाजलं. असं झालं तर काय करायचं, हे डॉक्टरीणबाईंनी त्यांना आधीच पढवलं होतं. मला तरतरी आली, पोटात बाळ हललं, आणि मी लहान पोरीसारखी रडले.

आत्याबाई रागावल्या नाहीत. झाकलेलं ताट माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "सुई घेतली की जेवायचं. सोमवार आजपासून माझा."

लेक झाली. अंगानं चांगली भरलेली, आणि आल्याबरोबर रडली. तो आवाज ऐकून माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. बाराव्या दिवशी माय लाडवांचा डबा घेऊन देवणीहून आली आणि काही न विचारता आत्याबाईंच्या हाती दिला.

देवणीच्या माणसांनो, तुमची आठवण येते. कुणी गाव विचारलं तर अजून देवणीच म्हणते. घर मात्र नांदेडचं. सुई मला जन्माची लागली, आणि आत्याबाईंनी सोमवार शेवटपर्यंत सोडला नाही. आता तो माझी लेक धरते, आणि मला सुई दिली की आधी माझं ताट वाढते.