भुरी आत्याने मोडलेले लग्न

भुरी आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचे केस जन्मापासून पिवळट-पांढरे, कातडी गुलाबी, आणि डोळ्यांची बुबुळे एका जागी ठरत नसत. उन्हात तिला काही दिसायचे नाही. म्हणून मळ्यातले तिचे काम तांबडे फुटण्याआधी सुरू व्हायचे आणि ऊन चढले की ती छपरात शिरायची. बायका तिच्याकडे पाहून कुजबुजत. ती म्हणायची, "मोठ्यानं बोला वं. मले दिसत नाई, ऐकू येते."

तिच्या अंगावर कायम निळे डाग. लहानपणी गोंदणारणीने हनुवटीवर एक टिंब काढले, तर रक्त दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले नाही. पुढे कुणी तिला सुई लावली नाही. एकदा शेजारणीने वडिलांना विचारले, "बहिणीले मारता काय हो?" आत्याच मधे बोलली, "त्याची काय हिंमत! मले उंबरा मारते."

तिचे लग्न झाले नाही. माझे ठरत आले होते, थोरल्या आत्याच्या मुलाशी. मामाची पोर करायची आमच्यात रीतच. मलाही ते हवे होते. घर ओळखीचे, पिंपळगाव राजाजवळचा आमचा मळा तिथून तासाभराच्या वाटेवर. सुपारी फोडायच्या आदल्या दिवशी भुरी आत्या वडिलांसमोर येऊन बसली.

"दादा, हे लगन नको करू."

"काऊन वं?"

"आपली माय म्हंजे आपल्या बापाच्या मामाची पोर. त्यातून मी अशी निघाली. माह्या पाठचा भाऊ असाच भुरा होता. पडला, डोकं फुटलं, रक्त थांबलं नाई. गेला. आता पुन्हा घरातल्या घरात पोरगी देऊन राह्यला तू."

"अर्ध्या गावानं मामाची पोर केली. त्याइले काय झालं?"

"त्याइच्या बियात खोट नसन. आपल्यात हाये. घरचंच मक्याचं बी पेरत गेला, तं पांढरी रोपं निघाली का नाई? मंग संग्रामपूरहून बी आणलं. मक्याचं बी बदलवतं, अन् पोरीचं नाई?"

दुसऱ्या दिवशी वडील सुपारीला गेले नाहीत. थोरली आत्या कित्येक वर्षे आमच्याकडे आली नाही.

मी भुरी आत्यावर ओरडले, "तुह्यं लगन झालं नाई म्हणून माह्यं मोडून राह्यली काय?"

ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हो, माह्यं झालं नाई. काऊन झालं नाई, ते तुले दिसते ना? तेच सांगून राह्यली."

मक्याचे बी देणाऱ्या शेतकऱ्यानेच पुढे संग्रामपूरकडचे स्थळ सुचवले. नात्यागोत्याचा संबंध नव्हता. मी रडत गेले.

माझी नात डॉक्टर आहे. तिला मी आत्याबद्दल सांगितले. ती म्हणाली, शरीराच्या प्रत्येक पेशीत माल तयार होतो आणि तो निवडून ज्याच्या त्याच्या जागी पाठवावा लागतो. ते काम करणारे प्रथिन कसे बनवायचे, हे एका जनुकात लिहिलेले असते. आई आणि बाप, दोघांकडूनही ते बिघडलेले आले की केसांत, डोळ्यांत रंग भरत नाही आणि रक्त थांबवणाऱ्या कणांतही हवा तो माल पोहोचत नाही. एकाकडून चांगले आले तर माणूस धडधाकट. रक्त तपासल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, पण तिला तसेच वाटते. मी चौथी शिकलेली. तरी मला हे लगेच कळले, कारण आत्याने ते मक्यावरून आधीच सांगून ठेवले होते.

लग्नानंतर माझी पहिली मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर मी माहेरी गेले. आत्याने काही न विचारता तिला उचलले, तिचे डोके स्वतःच्या डोळ्यांना जवळजवळ चिकटवले आणि जावळ कितीतरी वेळ पाहिले. काळेभोर होते. मग पोर माझ्याकडे दिली. "घे, दूध पाज तिले." एवढेच. माझी अढी गेली नव्हती, म्हणून निघताना मी तिच्या पाया पडले नाही.

त्याच वर्षी आत्याची दाढ काढली आणि रक्त थांबले नाही. मी पोहोचेपर्यंत सगळे उरकले होते.

आत्या बरोबर होती, आणि तिच्या तोंडावर मी ते कधी कबूल केले नाही. माझी चार लेकरे उन्हात डोळे उघडे ठेवून कामे करतात, ती तिच्या तोंडाळपणामुळे. त्यांच्या लग्नांच्या वेळी मी पाहुण्यांना चहाआधी एकच विचारले, "आपलं कुठून नातं तं लागत नाई ना?" लोक मला खवट म्हणाले. म्हणोत.