खुणांचा डबा

“अरे, डोळं हायत का शर्टाची बटनं टाचल्यात तोंडावर? न्हाय म्हनतो! माळावर जनावर न्हाय म्हनतो!”

हिराजी मामा मांडवात उभा राहून ओरडत होता आणि समोरच्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्या थरथरत होत्या. एक तर आडवीच झाली. माझ्या सांगण्यातले चार आणे कापून घ्यायची सवय वाचकांनी आत्ताच लावून घ्यावी, पण बाटली खरोखर पडली, माझ्याच पँटवर सांडली. भिवंडीजवळच्या पूर्णा गावाकडून निघालेली गोडाऊनं सरकत सरकत पडग्याच्या अलीकडे, मामाच्या गावापर्यंत येऊन ठेपली होती आणि आता गावामागचा सशाचा माळ सपाट करायचा होता. त्यासाठी ही जनसुनावणी. टेबलामागच्या साहेबांनी पाहणीचा अहवाल वाचला, ‘सदर जागेत उल्लेखनीय वन्यजीव आढळून आले नाहीत’, आणि पान उलटायला बोट जिभेला लावलं, तेवढ्यात मामा उठला. वय चौऱ्याऐंशी. काखेत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा.

त्या डब्यानं मामाला खाल्लं.

मामा जाऊन सव्वा महिना झाला. बातमी आली तेव्हा मी भिवंडीत कापडाच्या कारखान्यात होतो, बारा लूम खडखडत होते. फोनवर मामी काहीतरी सांगत होती आणि मी “काय? काय?” करत होतो. शेवटी कारागिरानं मेन स्विच पाडला. एकदम शांत झालेल्या त्या शेडमध्ये मामीचं एकच वाक्य ऐकू आलं, “सकाळी माळावर गेला, बांधावर बसला तो बसलाच रं...”

मामा शिकारी होता. हे मी लपवणार नाही, कारण त्यानं कधी लपवलं नाही. ठासणीची बंदूक होती, पिकाच्या राखणीचा परवाना होता, आणि डुक्कर, ससा, लावा यांना त्यानं भरपूर मारलं. आम्ही भरपूर खाल्लं. मी तर एका बैठकीला अख्खं डुक्कर संपवलं होतं... बरं, अर्धं. पण आज दुर्बिणी लटकवून येणारे लोक ‘शिकारी’ हा शब्द नाक मुरडून उच्चारतात ना, तेव्हा माझं डोकं फिरतं. ज्याला मारायचं त्याचा अख्खा दिनक्रम पाठ करावा लागतो, महाराज! साळिंदर कुठल्या बिळातून निघतं, वाटेत कुठला कंद उकरतं, कुठल्या दगडाला काटे घासतं, हे मामाला स्वतःच्या सुनेच्या वेळापत्रकापेक्षा जास्त ठाऊक होतं. लाव्याची मादी अंड्यांवर बसली की त्या बांधावरून मामा पोरासोरांना जाऊ देत नसे. मृग लागला की बंदूक खुंटीला, ती दसऱ्याला खाली. मधे घरात पाहुणे येवोत नाहीतर साक्षात यम येवो. हा नियम कुठल्या खात्यानं काढलेला नव्हता.

आणि त्यांच्या टोळीचा दुसरा नियम होता खुणेचा. शिकारी आणि भिवंडीतला कापडाचा दलाल, दोघांत जास्त थापा कोण मारतं यावर मी पैज लावणार नाही. म्हणूनच चिंचेखालच्या त्यांच्या बैठकीत कोणी नुसतं बोलून चालत नसे. “मी पाहिलं” म्हणणाऱ्यानं खूण टाकायची: पीस, काटा, दात, लेंडी, काहीही. खूण नसेल तर खाली बसायचं, वर सगळ्यांना चहा पाजायचा. मी एकदा रंगात येऊन सांगितलं, की रस्त्यात मला ट्रकएवढं डुक्कर आडवं गेलं. मामा म्हणाला, “ट्रकचा नंबर सांग.” सोळा चहा पाजले मी त्या दिवशी. मामाच्या स्वतःच्या खुणा त्या डब्यात असत. तरुणपणी, मुभा होती तेव्हा मारलेल्या डुकराचे सुळे तळाला, आणि वर नंतरच्या वर्षांत माळावर पडलेलं उचललेलं सगळं: साळिंदराचे काटे, घुबडाची पिसं, सापाची कात, सशाची कवटी.

नंतरच्या वर्षांत म्हणजे बंदूक दिल्यावर. माळावरचे लावे कमी झालेत हे मामाला सरकारच्या शिकारबंदीच्या दोन वर्षं आधी कळलं. कोणी मागितली नसताना तो बंदूक खांद्यावर टाकून चौकीत गेला आणि जमा करून आला. परत येताना खांदा रिकामा म्हणून वाकडा चालत होता, असं मामी सांगते. पण सकाळचं माळावर जाणं सुटलं नाही. शुक्रवारी लूमला सुट्टी, तेव्हा मीही जायचो. करवंदीच्या जाळीआड आम्ही उकिडवे बसायचो. ससा आला की मामा हातातली काठी बंदुकीसारखी खांद्याला लावायचा, एक डोळा मिटायचा, श्वास रोखायचा आणि अगदी हळू म्हणायचा, “ठो.” मग सशाला सांगायचा, “जा, मेलास तू. घरी कळव.” पन्नास वर्षं हा माणूस असा रोज शिकार करत होता. त्या माळावर त्याच्या हातून मेला नाही असा एकही जिवंत ससा नव्हता!

आणि पाहणीला कोण आलं? भर उन्हाळ्यात, दुपारी बारा वाजता, एसी गाडीतून एक पोरगेलासा इसम. काच खाली केली, माळाचे दोन फोटो काढले. मामा गाडीजवळ गेला. “सायेब, उद्या पहाटं या. मी दावतो तुम्हाला.” तो म्हणाला, “नको काका, आज रिपोर्ट द्यायचाय.” मामा घरी येऊन दिवसभर बडबडत होता, “बारा वाजता ससा काय याची वाट बघत हुबा ऱ्हाणार? त्याची काय जनरल शिफ्ट हाय?” हसलो आम्ही. तेव्हाच रडायला हवं होतं.

तर तो मांडव. साहेब शांतपणे म्हणाले, “आजोबा, तुमच्या म्हणण्याला पुरावा काय?” आणि मामाचा चेहरा उजळला हो! मी पाहिलं, शेजारीच होतो. आयुष्यभर ज्या नियमावर तो जगला, तोच नियम समोरचा सुशिक्षित माणूस बोलत होता. खूण टाक, मग बोल. मामानं डबा उघडला आणि एकेक वस्तू टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर मांडली. “ह्यो साळिंदराचा काटा. गेल्या पंधरवड्यातला, मूळ अजून ओलं हाय. ही पिसं घुबडाची, जोडी हाय, पळसाच्या ढोलीत. ह्ये डुकराचं सुळं. टिटवीची तीन अंडी हायत ओढ्याच्या वरल्या अंगाला, ती आनली न्हाईत, तिथंच हायत, चला दावतो.” कोणी टाळी वाजवायला सुरुवात केली. बहुतेक मीच.

साहेबांनी शेजाऱ्याच्या कानात काही सांगितलं. शेजाऱ्यानं कागद काढला. मला वाटलं, नोंद घेतायत. नोंदच घेत होते. मामानं हौसेनं एकेक नग मोजून दिला, कुठल्या झाडाखाली मिळाला ते सांगितलं, आणि खाली अंगठा उठवला. तो पंचनामा होता. वन्यप्राण्यांचे अवयव बेकायदा बाळगल्याचा! दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘वृद्ध शिकारी जाळ्यात’. जाळ्यात! स्वतःच्या पायानं, स्वतःच्या डब्यासकट, त्यांच्याच सभेत आलेला माणूस! दरवर्षी मामाच्या मागं मागं फिरून घुबडाचे फोटो काढणारी ठाण्याची मंडळी होती. त्यांना फोन लावला. “शिकाऱ्याच्या बाजूनं आम्हाला बोलता येणार नाही,” म्हणाले. घुबड दाखवताना तो कोण होता? ढोली त्यांना काय गूगलनं दाखवली होती?

मग तारखा. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस दोन रिक्षा आणि एक एसटी बदलून यायचा आणि वनखात्याच्या कचेरीत बाकड्यावर बसायचा. खटल्याची भीती त्याला नव्हती. त्याला एकच कळत नव्हतं. “भाच्या,” म्हणायचा, “खूण दावली ना रं मी? मग माळ का काढतायत?” मी रिक्षा बघायला उठायचो. थाप मारताना कधी न अडलेला मी! काठी खांद्याला लावायचं त्यानं सोडून दिलं होतं. शेवटच्या शुक्रवारी ससा अगदी समोरून गेला, मामा नुसता बघत राहिला...

तेराव्याला मामी म्हणाली, “त्याचा डबा आन. माळ हाय तवर माळावर ठेवू. चोराचा माल म्हनून नको ऱ्हाऊदे तिथं.” जेसीबी तोवर ओढ्यापाशी आला होता.

गेल्या आठवड्यात कचेरीत गेलो. डबा दिसला. लोखंडी कपाटावर, सुतळीनं बांधलेला, लाखेचा शिक्का, वर मामाचं नाव आणि नावापुढे ‘आरोपी’. मी पाहणीचा अहवाल आणि पंचनामा, दोन्हींच्या प्रती तिथल्या साहेबांच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या, मामा मांडायचा तशा. दोन्हींखाली शिक्का त्याच कचेरीचा.

“साहेब,” मी म्हणालो, आणि आवाज मामासारखाच चढला, “ह्या कागदात लिहिलंय, माळावर जनावर नाही. ह्या कागदात लिहिलंय, माळावरच्या जनावरांचे अवयव मामाकडे सापडले. जनावरच नाही तर गुन्हा कसला? आणि गुन्हा आहे तर जनावर आहे! खरा कागद कुठला ते सांगा, नाहीतर डबा द्या!”

साहेबांनी दोन्ही कागद नीट वाचले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“अहवालाचं टेबल वेगळं आहे,” ते म्हणाले.