अंबाडीचं लाल पाणी

आमच्या घरी आधी पिणं ठरतं, मग जेवण. मासोळीचा रस्सा असेल तर त्या दिवशी ताकाचं नाव काढायचं नाही. मासोळीवर भाताची पेज, तीही निवलेली, सोबत फोडलेला कांदा. झुणक्यावर मठ्ठा. गुलगुल्यांवर गुळाचा काळा चहा, त्यात दूध मागणाऱ्याला सासूबाई गावाबाहेर काढतील. लाखोरीच्या डाळीचे गरम वडे खाताना मात्र काहीच प्यायचं नाही, कारण त्यावर पाणी प्यायलं की पोट फुगतं असं त्यांचं म्हणणं. खरं-खोटं कोणी पाहिलेलं नाही. त्यांच्यापुढे पोट फुगवून दाखवायची कोणाची हिंमत झाली नाही.

मी गोंदियाची. आमच्या गल्लीत हिंदी बोलत आणि कशावरही चहा पीत मोठी झाले. इकडे दवनीवाड्यात आमच्याकडे सुनेला नावाने हाक मारत नाहीत, माहेरच्या गावाने मारतात, म्हणून मी आल्या दिवसापासून गोंदियावाली. केस पिकायला लागले तरी गोंदियावालीच. त्याचं मला काही नाही. पण सासूबाई तो शब्द अशा सुरात म्हणतात, की मी कालच्या बसने उतरले आणि उद्याच्या बसने परत जाणार.

माहेराहून मी एकच पिणं आणलं. माझे वडील राइस मिलमध्ये मशीनवर होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा कोंड्याने त्यांचा घसा धरलेला असायचा. आई लाल अंबाडीची वाळलेली आंबट बोंडं गरम पाण्यात भिजवून कुस्करायची, गूळ, काळं मीठ आणि भाजलेलं जिरं घालून ते पाणी माठात निववायची. पहिला पेला पोटात गेला की वडील खाकरायचे आणि मगच आमच्याशी बोलायचे. दवनीवाड्यात आल्यावर बांधावर मी लाल अंबाडी लावली. मीच तोडते, मीच वाळवते, मीच पिते, आणि पोरं घरी होती तोवर पोरांना पाजत होते. सासूबाईंनी ते पाणी कधी तोंडाला लावलं नाही. "गोंदियाचं रंगीत पानी," एवढं म्हणून त्या विषय संपवायच्या. त्यांचं स्वतःचं चिंचेचं पाणी होतं. कोचईच्या वड्यांवर या घरात तेच प्यायलं जायचं.

कोचई म्हणजे अळूच. पान मोठं देखणं, पण खाज सुटणारं. पानाला चिंच लावा, वाफवा, तळा, तरी एखादं पान असं निघतं की घशात काटे उभे राहतात. म्हणून त्या वड्यांवर काहीतरी आंबट प्यायचंच. ही जोडी हौसेची नाही, गरजेची आहे.

आता बोजाऱ्याचं सांगते. धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, संपली की शेवटच्या दिवशी रोवणाऱ्या बायांना मालकाघरी जेवण असतं, त्याला आमच्याकडे बोजारा म्हणतात. आमच्याकडे येते त्या टोळीची स्वतःची एक रीत आहे. गावातली रोवणी आटोपत आली की उरलेल्या पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, एक पेंडी त्या बांधून ठेवतात, आणि ज्या घरचं जेवण मनाला भावलं त्या घरी ती देतात. पेंडी मिळाली त्या घरची रोवणी पुढच्या वर्षी सगळ्यांच्या आधी. हल्ली बाया मिळणं इतकं कठीण झालं आहे की पहिला नंबर म्हणजे अर्धं पीक घरात आल्यासारखं. आमचा नंबर गेली काही वर्षं शेवटचाच लागत होता आणि पऱ्हे वाट पाहून पिवळे पडत होते.

यंदा आखाडात सासूबाई अंगणात घसरल्या आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, म्हणजे बोजाऱ्याचा स्वयंपाक माझ्यावर आला. आमच्या बोजाऱ्याच्या आदल्या दिवशी समोरच्या चुलत जावेने तिच्या बोजाऱ्याला कोंबडी केली, वर कोल्ड्रिंकच्या थंड बाटल्या वाटल्या. टोळीची म्होरकी सौंदडवाली, उंच, वाळकी, फार न बोलणारी बाई. ती जेवली आणि पेंडी परत डोक्यावर ठेवून म्हणाली, "आजून एक घर राह्यलं." ते घर आमचं.

रात्री नवरा हिशोबी चेहरा करून बसला. "तू कायले तरास घेऊन राहिली? गोंदियाहून पनीर, पुलाव बोलावतो. बाटल्या आनतो. काम खतम."

"बोजारा माझ्या चुलीवर होईल," मी म्हणाले.

सासूबाई बाजेवरून म्हणाल्या, "कोचईच्या वड्या झाल्याच पाह्यजे. अन् चिचेचं पानी."

"वड्या होतील. पाणी माझं होईल."

"रंगीत पानी पाजून बोजारा होते का वो?"

"होते," मी म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना इतकं सरळ उत्तर मी पहिल्यांदाच दिलं आणि मला बरं वाटलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

सकाळी उठून आधी अंबाडीच भिजवली. दोन माठ भरून लाल पाणी पडवीत ठेवलं, त्यांना ओलं फडकं गुंडाळलं. मग तांदूळ आणि लाखोरीची डाळ वाटून त्यात चिंचेचा कोळ, तिखट, हळद घातली. पानामागून पान लिंपत गेले. विहिरीमागची पानं अर्ध्यातच संपली. नवरा लगेच उठला, कारण पनीरवरून माझ्याशी अबोला धरून बसण्यापेक्षा बाहेर जाणं त्याला सोपं होतं. येताना तलावाच्या पाळीवरून ही एवढी पानं घेऊन आला, सुपाएवढी. मी देठ पाहिले, फिके हिरवे होते, घरच्या कोचईसारखे काळपट नव्हते. पाळीवरच्या रानकोचईवर माझा भरवसा नव्हता, पण बाया चिखलातून निघाल्या असतील आणि दुसरी पानं आणायला वेळ नव्हता. दुप्पट चिंच लावली आणि देवाचं नाव घेतलं.

दुपारी पडवीत पंगत बसली. भात, पातळ रस्सा, त्यात सोडलेल्या वड्या, बाजूला तळलेल्या कोरड्या वड्या. बाया भुकेल्या होत्या, घास मोठे होते. पहिली वाढ चांगली गेली. दुसऱ्या वाढीत तलावावरची पानं आली. सगळ्यात आधी एक तरुण बाई थांबली. तिने घसा खाकरला. मग शेजारचीने खाकरला. मग पंगत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खाकरत गेली.

"काऊन वो, गळा खाजून राहिला," कोणीतरी म्हणालं.

सौंदडवालीने हातातली वडी पानात ठेवली. पेंडी भिंतीला टेकून ठेवली होती, तिच्याकडे मला बघवेना.

इथे नवऱ्याला आपली वेळ आली असं वाटलं. त्याने खरंच बाटल्या आणून ठेवल्या होत्या, मला न सांगता, बैलांच्या रिकाम्या गोठ्यात, बर्फाच्या पेटीत. "थांबा, थांबा," म्हणत त्याने पेटी आणली आणि सटासट झाकणं उडवली. बायांनी घटाघट पिऊन घेतलं. मग तरुण बाई घसा धरून म्हणाली, "भाऊजी, यानं तं जास्तच झोंबून राहिलं." गोड पाण्याने कोचईची खाज जात नाही. जाईलच कशी? नवरा हातात उघडी बाटली घेऊन उभा राहिला. तशा अवस्थेत मला त्याच्यावर दया आली, पण फार नाही.

मी माठावरचं फडकं काढलं. पेल्यामागून पेला भरला आणि पंगतीत नेऊन दिला. "एकदम नका पिऊ. घशात धरा, मग गिळा." वडील तसंच प्यायचे. सौंदडवालीने पेला उजेडात धरून पाहिला, मग तोंडात घोट घेतला, डोळे मिटले, आणि मान मागे टाकून सावकाश गिळला. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. तिने एकदा खाकरलं. मग खाली ठेवलेली वडी उचलली आणि खाल्ली.

त्यानंतर माझी धांदल झाली. एक माठ संपला, दुसरा लावला. वड्याही संपल्या, रानकोचईच्या सुद्धा, कारण आता कोणाला भीती नव्हती. एक घास, एक घोट, असं चाललं होतं. सगळ्यांचे ओठ लाल झाले आणि एकमेकींचे ओठ बघून बाया हसायला लागल्या. मी दारात उभी राहून हे पाहिलं. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण हसूच आलं.

जेवण झालं, हात धुतले. सौंदडवालीने पेंडी उचलली आणि ती उंबऱ्याकडे गेली. ती समोर जावेकडे निघाली असंच मला वाटलं. पण ती बाजेजवळ थांबली.

"माय," ती सासूबाईंना म्हणाली, "पुढच्या साली हे लाल पानी बांधावर आनशीन का दुपारी?"

सासूबाईंनी प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला. मला वाटलं, आता चिंचेचं नाव निघणार.

"मले कायले इचारते?" त्या म्हणाल्या. "जिचं पानी हाये, तिले इचार."

सौंदडवाली वळली. मी मान हलवली. तिने पेंडी माझ्या दोन्ही हातांत दिली. मुळांचा गार चिखल कोपरापर्यंत ओघळला. मी जिंकले होते आणि ते लपवायची मला काही गरज वाटली नाही. समोरच्या अंगणात जाऊ उभी होती, तिला दिसेल अशी पेंडी मी वर धरली. हे थोडं जास्त झालं, पण झालं.

बाया गेल्यावर मी पेंडी विहिरीमागच्या ओलीत रोवली. नवरा उरलेल्या बाटल्या मोजत बसला होता. माठ धुवायला घेतला तर तळाशी थोडं लाल पाणी शिल्लक होतं.

"इकडं आन," सासूबाई म्हणाल्या.

मी पेला भरून दिला. डाव्या हाताने त्यांनी तो तोंडाला लावला आणि मधे न थांबता रिकामा केला. ओठ पदराने पुसले, पदरावर लाल डाग पडला, तो त्यांनी पाहिला.

"मीठ कमी हाये," त्या म्हणाल्या आणि पेला पुन्हा पुढे केला.